नकाशात नसलेली खोली

आमच्या संकुलात तळ्याचं सगळ्यात चांगलं दृश्य न्हाणीघरातून दिसतं. त्यासाठी स्टुलावर चढावं लागतं, वरच्या झरोक्याची एक काच सरकवावी लागते, आणि पायाखाली साबण नाही ना ते बघावं लागतं. पण दिसतं. बाल्कनीतून बसडेपो दिसतो. तीन इमारती, छत्तीस घरं आणि छत्तीस बाल्कन्या, सगळ्या डेपोकडे तोंड करून. नवीन पाहुणा आला की विचारतो, असं का? आम्ही म्हणतो, "हवा चांगली खेळते." पाहुणे भले असतात, डिझेलचा वास येत असूनही मान डोलावतात.

खरं कारण ज्यांना माहीत होतं ते गृहस्थ चाळीस वर्षं आमच्याच कुंपणाच्या आत राहत होते. त्यांना सगळे चावीवाले म्हणायचे. नाव असणारच, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. हातात कमरेएवढी उंच लोखंडी चावी असायची. ती जमिनीतल्या व्हॉल्व्हवर बसवायची, दोन्ही हातांनी फिरवायची, की एका इमारतीला पाणी जायचं आणि दुसरीचं थांबायचं. असे अकरा व्हॉल्व्ह होते. त्यातला कुठला कशाचा हे चावीवाल्यांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

माणूस तोंडाने तिखट होता. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तक्रार केली की आमच्याकडे पाणी उशिरा येतं. हे म्हणाले, "वरच्या मजल्यावर पाणी उशिराच पोचतं, बाई. शहाणपण तर अजून जिन्यातच आहे." बाई सहा महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांनाही ते सहा महिन्यांनी कळलं. कान मात्र विलक्षण. पाइपाला कान लावून कुठल्या घरात नळ वाहतोय ते सांगायचे. बाहेरगावी जातो म्हणून सांगून घरातच दडून बसलेला एक जावई त्यांनी पाण्याच्या आवाजावरून ओळखला होता. त्याच्या सासऱ्यांना मात्र त्यांनी ते कधी कळू दिलं नाही, आणि जावई पुढे त्यांना रोज सकाळी वाकून नमस्कार करायचा.

त्यांची खोली पंपाला लागून होती, तळ्याकडच्या कोपऱ्यात. दहा बाय बारा. संकुलात तळ्याकडे धड खिडकी असलेली एवढी एकच खोली. तिच्यात चावीवाले, त्यांची बायको आणि मुलगी असा संसार झाला. मुलगी पंपाच्या घरघरीतच वाढली. तान्ही असताना पंप बंद पडला की दचकून उठायची. पुढे ती नर्स झाली आणि लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. नवराबायको मागे उरली. संध्याकाळी खिडकीशी बसून दोघं चहा प्यायची आणि समोर पाणी पसरलेलं असायचं. खाली फेऱ्या मारणारे आमचे सभासद ते बघायचे. बसडेपो बघत ज्यांनी हप्ते फेडले त्यांना हे बघवत नव्हतं, हे मी ओळखायला हवं होतं.

आता माझ्याबद्दल. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि लाल शाईने त्याच्या पदरात घालायच्या, हे माझं काम. त्यामुळे संकुलाला चाळीस वर्षं झाली आणि कमिटीने स्मरणिका काढायची ठरवली, तेव्हा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकी सगळ्यांना ऐन वेळी रक्तदाब निघाला.

आमचे अध्यक्ष वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले, त्यामुळे आपला काटा बरोबरच असणार अशी त्यांची खात्री. ते मला म्हणाले, "इतिहास प्रेरणादायी पाहिजे. आणि मुखपृष्ठावर संकुलाचा मूळ मंजूर नकाशा टाका. भारदस्त दिसतं."

नकाशा आमच्याकडे नव्हता. मी नगरपालिकेत चार खेपा घातल्या, एका कारकुनाशी गोड बोलले, दुसऱ्याशी भांडले, आणि शेवटी नकाशाच्या दोन प्रती घेऊन आले. स्वतःवर इतकी खूष होते की एक तशीच गुंडाळीसकट अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. आधी उघडून बघावी हे सुचलं नाही. मुद्रितं तपासणाऱ्या बाईने न वाचता पुढे ढकललेला तो पहिला कागद.

दोन दिवसांनी चावीवाल्यांच्या दारावर नोटीस लागली. मूळ नकाशात तळ्याकडच्या कोपऱ्यात कुठलीही खोली नाही, सबब ही खोली बेकायदा आहे, ती महिन्याभरात रिकामी करावी. तिथे संकुलाचं स्मृतिदालन होणार होतं. भिंतीवर जुने फोटो, मध्ये चार खुर्च्या आणि तळ्याकडे खिडकी. संकुलाचा इतिहास मांडायला जागा हवी होती, म्हणून ज्याला तो इतिहास माहीत होता त्याला बाहेर काढायचं ठरलं.

मी खाली गेले. चावीवाले पालथ्या बादलीवर बसून चावीला तेल देत होते. त्यांची बायको दारात नोटीस वाचत होती. सगळे तिला वहिनी म्हणायचे. चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायची असं की अक्षराला पळता येऊ नये.

"नकाशा तुम्ही आणलात ना, बाई?" चावीवाले म्हणाले.

"हो. मला काय माहीत त्याचं हे असं होईल."

"बघितलात नीट?"

"उघडलाच नाही. तसाच दिला." तेव्हा त्यांनी मला चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

पाया खणायला ते एकोणिसाव्या वर्षी इथे आले. नुकतंच लग्न झालेलं. वहिनी त्यांना सिमेंटच्या गोण्यांवरची अक्षरं दाखवून वाचायला शिकवत होती. कामावर देखरेखीला बिल्डरचा मेहुणा होता. त्याने आपल्या बहिणीचं लग्न बिल्डरशी वेळेवर लावलं एवढीच त्याची पात्रता. आर्किटेक्टने नकाशा अर्धपारदर्शक कागदावर काढलेला होता, दोन्ही बाजूंनी दिसणारा. मेहुण्याने तो पालथा पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि त्याप्रमाणे चुन्याच्या रेघा मारायला सांगितल्या. डावं ते उजवं झालं, उजवं ते डावं.

"मी म्हणालो, साहेब, अक्षरं उलटी दिसतात," चावीवाले सांगत होते. "तर म्हणतो, ती इंजिनियर लोकांची भाषा आहे. मी म्हणालो, नाही हो, 'ग' ची काठी भलत्याच बाजूला आहे. तर मला म्हणतो, तुला सरळ तरी वाचता येतात का? सगळे हसले. मग मी खणलं."

तिन्ही इमारतींचे पाये भरून झाल्यावर बिल्डर आला. नकाशा सरळ केला आणि जागेशी ताडून बघितला. बाल्कन्या तळ्याकडे असायला हव्या होत्या, त्या पलीकडे गेल्या होत्या. मोऱ्या पलीकडे असायला हव्या होत्या, त्या तळ्यावर आल्या होत्या. तेव्हा डेपो झालेला नव्हता, तिकडे नुसतं माळरान होतं. बिल्डर म्हणाला, "दोन्हीकडे मोकळंच आहे, कुणाला काय कळतंय." मेहुण्याला त्याने दुसऱ्या कामावर पाठवलं. बायकोचा भाऊ, त्याला काढून टाकता येत नव्हतं. आणि अक्षरं ओळखणाऱ्या त्या खणणाऱ्या पोराला बोलावून सांगितलं की पंपाशेजारची रखवालदाराची खोली तुझी, पाणी सोडायचं काम तुझं, आणि हे तोंड बंद.

"मग ही खोली नकाशात आहे," मी म्हणाले.

"आहे की. डेपोच्या भिंतीकडे आहे. आणि नकाशात जे कारंजं तळ्याकाठी आहे, ते तुमचं आज डेपोच्या भिंतीला टेकलंय."

ते कारंजं मी रोज बघते. त्याच्याभोवती तीन बाकं आहेत आणि त्यांवर आजवर कुणी बसलेलं मला आठवत नाही. भिंतीपलीकडून बस सुरू झाली की बाकं थरथरतात. चाळीस वर्षं मी त्याकडे बघून म्हणत आले की कुठल्या गाढवाने हे इथे बांधलं. गाढव कोण ते आता कळलं.

मी घरी येऊन नकाशाची दुसरी प्रत काढली, खिडकीच्या काचेवर पालथी लावली आणि मागून उजेड येऊ दिला. सगळं जागच्या जागी बसलं. जिने, टाक्या, फाटक, खोली. शिवाय संकुलाच्या स्थापनेच्या कागदात एक कलम सापडलं. नकाशात दाखवलेली रखवालदाराची खोली कायम त्याच कामासाठी ठेवावी, ती दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. म्हणजे गोष्ट अगदी सोपी होती. नकाशा उलटा पडला होता एवढं सभेने मान्य केलं की खोली कायदेशीर ठरत होती आणि चावीवाले राहू शकत होते. नाही केलं तर महिन्याअखेर ते बाहेर. मी तशीच खाली धावले.

"मी सभेत सांगते," मी म्हणाले. "कागद दाखवते. कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची."

वहिनीने मला चहा दिला. चावीवाले म्हणाले, "बघा बुवा. त्यांच्या घरात पाणी मी सोडतो, पण त्यांचं पाणी मला माहीत आहे."

सभेच्या आदल्या दिवशी पहिल्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. त्यांना माझा बेत कळला होता. आमच्या जिन्यात भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत.

"बाई, तुमच्या घराच्या कागदात बाल्कनी कुठल्या दिशेला आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेला."

"आणि प्रत्यक्षात?"

"पश्चिमेला. रोज संध्याकाळी ऊन सोफ्यावर येतं."

"ते ऊन जाऊ द्या. कागदात पूर्व आहे तोवर ती पूर्व. उद्या सभेने लिहून दिलं की इमारत उलटी आहे, तर छत्तीसच्या छत्तीस घरं मंजुरीविरुद्ध बांधलेली ठरतात. नवी मंजुरी, नवे कागद, किती वर्षं जातील सांगता येत नाही. तुम्ही घर मुलीच्या नावावर करताय ना? अर्ज कुठवर आलाय?"

अर्ज शेवटच्या टेबलावर होता. आठवड्याभरात शिक्का बसणार होता. मुलीचे रोज फोन येत होते. वकील दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "शेवटी एका खोलीचा प्रश्न आहे. तिकडे छत्तीस घरं आहेत." हिशोब एवढा स्वच्छ मांडला की त्यात माणूस कुठे गेला ते कळलंच नाही.

रविवारी सकाळी खाली मैदानात सभा भरली. अध्यक्षांचं टेबल तळ्याकडे आणि आमच्या खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून, म्हणजे नाइलाजाने तळ्याकडेच. सगळे सभासद प्रथमच इतका वेळ सलग तळं बघत बसले होते, आणि काहींच्या चेहऱ्यावर ते दिसतही होतं. चावीवाले आणि वहिनी मागे उभी होती. त्यांना खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी टेबलाच्या कडेला, हातात वही.

चावीवाल्यांना बोलायची परवानगी मिळाली. त्यांनी सगळं सांगितलं, चुन्याच्या रेघांपासून मेहुण्यापर्यंत. लोक हसलेही. मग अध्यक्षांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला वाचता येत होतं?"

"शिकत होतो."

"म्हणजे येत नव्हतं." अध्यक्षांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "आणि चाळीस वर्षं बोलला नाहीत. आज खोली जायची वेळ आली तेव्हा आठवलं."

"बोलू नको म्हणूनच खोली दिली होती, साहेब. आता खोली काढताय, म्हणून बोलतोय."

तेवढ्यात वकील उठले. त्यांनी समजावून सांगितलं की नकाशात डेपोकडे दिसणारी खोली बांधायची राहून गेली आणि तिच्या जागी नजरचुकीने कारंजं झालं. बाकी इमारत नकाशाबरहुकूम आहे. छत्तीस घरांचे मालक, पाठीशी छत्तीस न्हाणीघरांचे झरोके असलेल्या इमारतींच्या पायथ्याशी बसून हे ऐकत होते. कुणी मागे वळून बघितलं नाही.

"चर्चा पुरे," अध्यक्ष म्हणाले. "नकाशा उलटा पडला असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी हात वर करावा."

चावीवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच, नळाला पाणी आलं का बघतात तसं. माझ्या एका हातात वही होती आणि एका हातात पेन. वही टेबलावर ठेवता आली असती. टेबल वीतभर अंतरावर होतं. मी खाली मान घालून तारीख लिहिली, जी मी आधीच लिहिली होती, आणि तिच्याखाली रेघ ओढली. मग दुसरी रेघ ओढली.

मान वर केली तेव्हा एक हात वर होता. वहिनीचा.

"तुम्ही सभासद नाही," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला मत नाही. हात खाली घ्या."

तिने हात खाली घेतला नाही. वाद घातला नाही, पुढेही आली नाही, फक्त हात वर धरून उभी राहिली. काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, तो गाड्या लावण्याच्या पट्ट्यांचा होता आणि त्यावर पाऊण तास भांडण झालं. माझं सगळं लक्ष त्या हातावर. भांडण अर्ध्यावर आलं तेव्हा चावीवाल्यांनी तिचा दंड धरून तो हात हळूच खाली आणला.

मी वहीत लिहिलं, खोली रिकामी करून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर. अक्षर सुरेख आलं.

माझ्या अर्जावर चार दिवसांनी शिक्का बसला. स्मरणिकेतला इतिहासही मी त्याच आठवड्यात पूर्ण केला. त्यात लिहिलं की दूरदर्शी बिल्डरने त्या काळात धाडसी विचार करून बाल्कन्या मावळत्या उन्हाकडे ठेवल्या, आणि तळ्याचा गारवा न्हाणीघरात यावा म्हणून ती बाजू स्नानाला दिली. अध्यक्षांनी हे वाचून डोळे टिपले. चावीवाल्यांबद्दल अर्धं वाक्य होतं, "कर्मचाऱ्यांच्या अविरत सेवेने." कर्मचारी नकाशात नसले तरी स्मरणिकेत असावेत असं सगळ्यांचं मत पडलं.

महिनाअखेरीस मी एक प्रत घेऊन खोलीवर गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा त्यांनी मला बोलावं आणि मी मोकळं व्हावं, असं काहीतरी. चावीवाले घरात नव्हते. ते नव्या माणसाला व्हॉल्व्ह दाखवत फिरत होते, कारण पाणी थांबून चालणार नव्हतं. उद्यापासून मुलीकडे राहणार होते, दोन बस बदलून. आणि कमिटीच्या विनंतीवरून पुढचे सहा महिने रोज सकाळी येणार होते, नवा माणूस तयार होईपर्यंत.

वहिनी भांड्यांचं गाठोडं बांधत होती. तिने हात पुसले, स्मरणिका घेतली आणि खिडकीशी जाऊन वाचायला लागली. माझं पान तिने सगळं वाचलं, ओठ हलवत, मधूनमधून थांबून. मी उभीच. पंप चालू होता, त्यामुळे काही न बोलणं त्यातल्या त्यात सोपं गेलं.

"छान लिहिता तुम्ही," ती म्हणाली. "एकसुद्धा चूक नाही."

मग तिने पुस्तक मिटलं आणि गाठोड्यावर ठेवलं.

"सभेचं जे लिहिता त्या वहीत, त्यात माझा हात आहे का?"

"सभासदांचेच हात मोजतात, वहिनी. नियम आहे तसा."

"मोजू नका हो. मी मोजा कुठे म्हणते." ती गाठोड्याच्या गाठीवर गाठ मारत होती. "तुम्ही अगदी समोर होतात म्हणून विचारते. वर होता ना माझा हात?"

मी मागे वळून दाराकडे बघितलं. बाहेर डोकावले. कुणी नव्हतं. मग म्हणाले, "होता."